कुंडीला दहा वर्षं, पुडीला एक

श्री. कलम २०, पोटकलम (अ),
मुक्काम अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायदा, क्रमांक ६१, सन १९८५,
नवी दिल्ली.



हे पत्र तुमच्याच नावाने लिहितो आहे. गांजाच्या प्रकरणात गेली चाळीस वर्षं ओढणाऱ्यावर गुन्हा नोंदला गेला, विकणाऱ्यावर नोंदला गेला, माल वाहणाऱ्या ट्रकचालकावर नोंदला गेला. ज्याच्यामुळे ओढणाऱ्याला विकणाऱ्याचं दार ठोठावावं लागतं, त्याच्यावर मात्र कधीच नाही. तो फिर्यादीच्या बाजूला ताठ मानेने उभा असतो. ते तुम्ही आहात, आणि आज आरोप तुमच्यावर आहे.

आधी वाचकांना तुमची ओळख करून देतो, कारण तुमच्याबद्दल ऐकलेलं सगळ्यांनी असतं, तुम्हाला वाचलेलं फार थोड्यांनी. गांजाचं झाड लावलं, अगदी एक लावलं, तरी तुम्ही दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड सांगता. किती झाडं, कशासाठी, विकायला की स्वतःपुरती, असा एकही प्रश्न तुम्ही विचारत नाही. तुमच्या शेजारच्याच ओळीत तुमचा भाऊ (ब) राहतो. त्याच्याकडे तराजू आहे. गांजा एक किलोपेक्षा कमी असेल तर ते ‘अल्प प्रमाण’. शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोंच्या वर ‘व्यापारी प्रमाण’. मग दहा ते वीस वर्षं. हा तराजू २००१च्या दुरुस्तीने आला. ओढणारा आणि धंदा करणारा एकाच मापाने मोजायचे नाहीत, हे त्या दिवशी सरकारने लेखी मान्य केलं. तुमच्या उंबऱ्यापर्यंत मात्र ते शहाणपण पोचलं नाही.

त्यामुळे हिशेब असा होतो. पस्तिशीचा एक माणूस विक्रेत्याकडून नऊशे ग्रॅम गांजा घेतो. पकडला गेला तर कमाल एक वर्ष, आणि प्रकरण दंडाधिकाऱ्यांपुढे. त्याच्याच शेजारचा, त्याच वयाचा दुसरा माणूस मागच्या पडवीत एक कुंडी ठेवतो. कुणाकडून घेत नाही, कुणाला देत नाही. पकडला गेला तर विशेष न्यायालय आणि डोक्यावर दहा वर्षं. टोळीच्या हातात पैसे ठेवणाऱ्याला तुम्ही कमी शिक्षा सांगता आणि टोळीला एक पैसाही न देणाऱ्याला दसपट. तुमच्या घरात चाळीस वर्षांत कुणाला हा आकडा खटकला नाही?

विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांतली २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांची प्रकरणं तपासली. दहा हजारांहून अधिक प्रकरणं होती. जवळजवळ सगळी स्वतःच्या सेवनाची आणि त्यांतली बहुतेक गांजाची. पकडलेल्यांमध्ये रोजंदारीवर जगणारे, झोपडपट्टीत किंवा फुटपाथवर राहणारे जास्त. गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा, एका दिवसाची मजुरी बुडवून घरी जायचं. तुमच्या कुटुंबाने ज्या मोठ्या माशांसाठी जाळं विणल्याचं सांगितलं, त्यात सापडली ती ही माणसं.

मी राहतो नवापूरला, पालघर तालुक्यात, किनाऱ्यावर. तारापूर औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी समुद्रात नेणारी पाइपलाइन आमच्याच गावाच्या किनाऱ्यावर येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशभरच्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा तारापूर ९३.६९ गुणांनी देशात पहिलं आलं. मांगेला समाजाच्या परिषदेला आपल्या मासळीसाठी हरित लवादाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. याचा माझ्याशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. संबंध आहे. रसायन म्हणजे काय हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही, आणि नशेच्या बाजारात आता झाडाची जागा जे घेत आहे ते रसायनच आहे.

ऑगस्ट २०२२मध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकाने आमच्याच जिल्ह्यात, नालासोपाऱ्यात, सातशे किलोंच्या वर मेफेड्रोन पकडलं. त्याची किंमत १४०० कोटी सांगितली गेली. मेफेड्रोन म्हणजे बाजारातलं ‘एमडी’. ते कुठल्या शेतात उगवत नाही. त्याला पिंपं लागतात, भट्टी लागते, रसायनाची विद्या लागते, आणि या तिन्ही गोष्टी मुंबईच्या आसपासच्या पट्ट्यात मिळतात. गांजाचं व्यापारी प्रमाण वीस किलोंपासून सुरू होतं, मेफेड्रोनचं पन्नास ग्रॅमपासून. चारशे पटींचा फरक तुमचाच कायदा मानतो. मग तारापूरलगतच्या बोईसरच्या चाळीत राहणारा, रात्रपाळी संपवून आलेला तरुण गांजा मागायला ज्याच्याकडे जातो, त्याच्या दुसऱ्या खिशात एमडीची पुडी असू शकते, एवढं तुम्हाला का दिसत नाही? ‘आज माल नाही, हे घेऊन बघ’ हे वाक्य विक्रेता बोलतो. कुंडीला दुसरा खिसा नसतो.

झाड आणि माणूस यांच्यामध्ये सरकार आडवं आलं की काय होतं, हे आमच्या भागाने तुमच्या जन्माच्या कितीतरी आधी पाहिलं आहे. १८९२ साली मुंबई सरकारने मोहफुलांचा कायदा केला. त्या काळच्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या पालघरमध्येही, मोहाच्या फुलांवर निर्बंध आले. कारण सांगितलं दारूचं. खरी काळजी होती अबकारीच्या उत्पन्नाची. पण मोह हे आदिवासींचं अन्नही होतं. जंगलात झाडाखाली पडलेलं फूल वेचणारी बाई त्या कायद्याने संशयित झाली. स्वातंत्र्य आलं, महाराष्ट्र राज्य झालं, पालघर वेगळा जिल्हा झाला, तरी मोहफुलांवरची बंधनं कुठल्या ना कुठल्या रूपात राहिलीच. राज्य सरकारने ती उठवली २०२१ साली. सव्वाशेहून अधिक वर्षं लागली फूल वेचण्यातला गुन्हा पुसायला. गांजाच्या झाडाला तुम्ही अजून किती वर्षं थांबवणार आहात?

ताडीची गोष्ट याहून बोलकी आहे. वसईपासून डहाणूपर्यंत ताड आणि शिंदीची झाडं हे आमच्या किनाऱ्याचं रूप आहे, आणि ताडी काढणं हा भंडारी समाजाचा पिढीजात धंदा. ताडीने नशा होते हे सरकारला ठाऊक होतं. तरी त्याने ताड लावणाऱ्याला तुरुंगात घातलं नाही. त्याने झाडं मोजली, परवाना दिला, कर घेतला. आजही ताडीच्या दुकानाचा परवाना देताना उत्पादन शुल्क खातं त्या भागात झाडं किती आहेत हे बघतं. म्हणजे झाडं मोजून नशेवर नजर ठेवायची कला महाराष्ट्र सरकारला चांगली येते. ती गांजाला मुभा देणाऱ्या जर्मनीहून शिकून यायला नको. आणि जिथे ताड तुटले, पण पिणारे उरले, तिथे काय झालं तेही बघा. तिथे ताडीच्या नावाने क्लोरल हायड्रेटची पावडर पाण्यात कालवून विकली जाऊ लागली. अशा बनावट ताडीवर छापे पडल्याच्या बातम्या राज्यात येत राहतात. झाड दूर गेलं की त्याची जागा पावडर घेते. ताडीत हे घडलं, आणि गांजाच्या बाबतीत तुम्ही तेच चाळीस वर्षं घडवून आणत आहात.

तुमच्या पूर्वजांनी याहून जास्त अभ्यास केला होता, हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण ते पूर्वज इंग्रज होते. १८९३ साली ब्रिटिश संसदेत भारतातल्या गांजाविषयी प्रश्न विचारला गेला आणि हेंप ड्रग्ज कमिशन नेमलं गेलं. मॅकवर्थ यंग अध्यक्ष. सात सदस्य, त्यांत तीन भारतीय. देशभर फिरून त्यांनी ११९३ साक्षी घेतल्या, वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदी तपासल्या आणि १८९४ साली सात खंडांचा अहवाल दिला. मर्यादित सेवनाने मोठं नुकसान होत नाही, अतिसेवनाने होतं. संपूर्ण बंदी नको, नियंत्रण आणि कर हवा, असा त्यांचा कौल होता. बंदी आणली तर लोक याहून घातक नशेकडे वळतील ही भीतीही त्यांनी मांडली होती. एमडीचं नाव तेव्हा जगात कुणी ऐकलं नव्हतं.

तुमच्या जन्माची कथा वाचावी तर विधेयक २३ ऑगस्ट १९८५ला लोकसभेत आलं, १६ सप्टेंबरला राष्ट्रपतींची सही झाली, १४ नोव्हेंबरला अंमल सुरू. इंग्रजांनी एका वर्षात अकराशे माणसांना विचारलं. आपल्या लोकशाहीने चार आठवड्यांत सगळं उरकलं. अमली पदार्थांवरच्या १९६१च्या आंतरराष्ट्रीय करारातली गांजा बंद करण्याची मुदत जवळ येत होती हे खरं. पण त्याच करारातून आपण झाडाचं पान वगळून घेतलं होतं, आणि तुमच्या कायद्यातही शेंड्याशिवायचं पान म्हणजे भांग, गांजाच्या व्याख्येत बसत नाही. (महाराष्ट्रात भांगेवर दारूबंदी कायद्याचा पहारा आहे, ते वेगळं.) म्हणजे पान निर्दोष, आणि ते ज्याला येतं ते झाड लावणं दहा वर्षांचा गुन्हा.

आता तुमची बाजू. मी ती टाळणार नाही, कारण तिच्यात तथ्य आहे आणि ते मलाही झोपू देत नाही. गांजा निरुपद्रवी नाही. कोवळ्या वयात सुरू झाला तर अभ्यास, स्मरण, मन, सगळ्यावर तो घाव घालतो. ज्यांच्या घराण्यात गंभीर मानसिक आजार आहे अशांना तो भ्रमाच्या गर्तेत ढकलू शकतो. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वर्षभरात गांजा, भांग किंवा चरस घेतलेल्यांची संख्या ३.१ कोटींच्या घरात होती. त्यांतल्या सुमारे ७२ लाखांना त्यासाठी मदतीची गरज होती. (दारू पिणारे याच पाहणीत १६ कोटी.) पण ही पाहणी झाली तेव्हा तुम्ही तेहेतीस वर्षांचे होतात. हे ७२ लाख तुमच्या राजवटीत तयार झाले. त्यांतला कुणी डॉक्टरकडे जायला निघाला तर वाटेत पोलीस ठाणं लागतं, म्हणून तो घरीच राहतो. स्वतःहून उपचार घेणाऱ्याला कलम ६४-अ संरक्षण देतं. आमच्या जिल्ह्यातल्या किती तरुणांना त्या कलमाचं नावसुद्धा कुणी सांगितलं आहे?

विक्रेता कधी वय विचारत नाही. सतरा वर्षांच्या मुलाला तो नकार देणार नाही, कारण नकार दिल्याने त्याचं फक्त नुकसान आहे. घरच्या झाडाला मात्र अट घालता येते, आणि ती कडकच हवी. महाराष्ट्रात बिअरला २१ वर्षांची अट आहे, कडक दारूला २५ची. गांजाला २५चीच ठेवा. विशीच्या मध्यापर्यंत मेंदूची घडण चालू असते, आणि या एका बाबतीत मला सैलपणा नको आहे. एका घराला तीन झाडं. माणसं कितीही असोत. रस्त्यावरून दिसणार नाहीत आणि मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा कुलुपाच्या जागेत. विक्री शून्य, एक पुडी विकली तरी नोंदणी रद्द आणि भाऊ (ब) आपला तराजू घेऊन हजर. गांजा ओढून गाडी चालवली तर दारूइतकीच शिक्षा. बियाणं बाजारातून नको, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने सौम्य वाण तयार करून द्यावं. त्यांनी भाताचे वाण दिले, हेही त्यांना जमेल.

नोंदणी कुठे करायची याचंही उत्तर तुमच्याच घरात आहे. तुमच्या कायद्याचं कलम ४७ सांगतं की गावात बेकायदा लागवड आहे असं कळताच प्रत्येक पंच, सरपंच आणि गावकामगाराने ताबडतोब पोलिसांना कळवलंच पाहिजे. कळवण्यात हयगय केली तर तोच शिक्षेला पात्र. म्हणजे तुम्ही गावाच्या निवडून दिलेल्या माणसाला आधीच कामाला लावलं आहे, फक्त खबऱ्याच्या. त्याच ग्रामपंचायतीच्या दप्तरात, घरपट्टीच्या नोंदीशेजारी झाडांच्या नोंदणीचं एक बंद पाकीट राहू द्या, जे उत्पादन शुल्क खात्याशिवाय कुणी उघडणार नाही. सरपंचाला शेजाऱ्याच्या पडवीत डोकावण्याचं काम उरणार नाही.

एक अडचण मात्र माझ्या मागणीतही आहे. पडवी असलेल्याला कुंडी ठेवता येते. बोईसरला दहा बाय दहाच्या खोलीत पाच जण मिळून राहणाऱ्या कामगाराने ती कुठे ठेवायची? घरच्या लागवडीची सूट घर असलेल्यांपुरती राहिली तर मुंबईच्या त्या दहा हजार प्रकरणांतला माणूस होता तिथेच राहील. जर्मनीने १ एप्रिल २०२४पासून प्रौढाला घरी तीन झाडांची मुभा दिली आणि त्याच वर्षी जुलैपासून नफा न घेणाऱ्या, पाचशेपर्यंत सभासदांच्या लागवड-मंडळांनाही. आपल्याकडे मंडळांची घाई मी सुचवणार नाही. पण घरची तीन झाडं माफ करताना अल्प प्रमाणात सापडलेल्या माणसाची तुरुंगवारीही त्याच दिवशी संपली पाहिजे. नाहीतर बंगल्यातली कुंडी कायदेशीर आणि चाळीतली पुडी गुन्हा, असा नवा अन्याय तुमच्या जागी येऊन बसेल.

थायलंडचा दाखला तुम्ही द्याल, तो मीच देतो. जून २०२२मध्ये त्यांनी गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, घरी लावायला परवानगी दिली, आणि नियम करायचे मागे ठेवले. गल्लोगल्ली दुकानं निघाली. मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांत गांजा सापडू लागला. जून २०२५मध्ये त्यांनी गांजाच्या फुलाला पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली. आधी नियम, मग मुभा, हा क्रम चुकला की काय होतं ते त्यांनी दाखवलं. माल्टाने घरी चार झाडांची परवानगी दिली ती मोजून. दक्षिण आफ्रिकेत २०१८ साली तिथल्या घटना न्यायालयाने घरातली, स्वतःपुरती लागवड खासगीपणाच्या हक्काखाली आणली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ला खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, तेव्हा तुमच्या दाराशी ही चाहूल पोचायला हवी होती.

२०२१ साली सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकर गांजा लावण्याची परवानगी मागितली, कारण दुसऱ्या कुठल्याच पिकाला हमखास भाव नव्हता. पोलिसांनी त्याला प्रसिद्धीचा डाव म्हटलं. मला त्या अर्जात प्रसिद्धी दिसली नाही, पिचलेला माणूस दिसला. तरी मी त्याच्याएवढं मागत नाही. शेत नको, बाजार नको, दुकान नको.

आणि तुमच्या वरिष्ठांनाही हे अगदी अपरिचित नाही. डिसेंबर २०२०मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला. त्या २७मध्ये भारताचं मत होतं. २०२१मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने स्वतःच्या वापरासाठी अल्प प्रमाण बाळगणाऱ्याला गुन्हेगार न मानता उपचाराकडे वळवावं, असं सुचवलं. उत्तराखंडने धाग्यासाठी याच झाडाची शेती केव्हाच सुरू केली. बाहेर सगळे हलले; तुम्ही तसूभर सरकला नाहीत.

म्हणून तुमच्यासाठी एक परंतुक लिहून पाठवतो आहे. ते तुमच्या शेवटी जोडून घ्यावं:

‘परंतु, पंचवीस वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीने, आपल्या नोंदणीकृत राहत्या घरी, केवळ स्वतःच्या वापरासाठी आणि विक्री न करता लावलेल्या, एका घरात एकूण तीनपेक्षा अधिक नसलेल्या झाडांना हे पोटकलम लागू होणार नाही.’

कळावे.

नवापूर येथील एक रहिवासी

प्रत: १) खासदार, पालघर लोकसभा मतदारसंघ. परंतुक संसदेत मांडण्यासाठी.
२) राज्य उत्पादन शुल्क विभाग, महाराष्ट्र. ताडाची झाडं मोजणाऱ्या कर्मचाऱ्यांना कुंड्या मोजायचं प्रशिक्षण द्यावं म्हणून.
३) सरपंच, ग्रामपंचायत नवापूर. माहितीसाठी; कलम ४७ खाली कळवण्यासारखं या पत्रात काही नाही.